नव्वद दिवसांचं घड्याळ : बँकेचे नियम, बाजाराचे धक्के आणि आपले छोटे धंदे

भट्टीवाला (कोल्हापूर) :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण सोमवारी बँकेतून फोन आला आणि आता राहवत नाहीये म्हणून धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

शिरोली एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी १९९४ साली दोन लेथवर सुरू केला, आता स्वतःची छोटी भट्टी आहे, पंपाची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग करतो, थोडं मशिनिंग. २२ माणसं आहेत. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची, लिमिट ८० लाख. सोमवारी फोनवर साहेब म्हणाले, "तुमचं खातं एसएमए-२ ला आलंय, आज ६३ वा दिवस आहे, ९० च्या आत आणा, नंतर माझ्या हातात काही नाही." एसएमए-२ म्हणजे खातं थकीत ठरायच्या आधीची शेवटची पायरी. वाईट बोलले नाहीत ते, उलट आवाजात काळजीच होती. पण मी फोन ठेवला आणि दहा मिनिटं तसाच भट्टीसमोर उभा राहिलो, मोल्डिंगवाला मामा दोनदा हाक मारून गेला ते पण कळलं नाही.

आता हे झालं कसं ते सांगतो कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की हप्ता बुडवला असणार. आम्ही काहीही बुडवलेलं नाही. व्याज दर महिन्याला भरलंय. झालं ते ड्रॉइंग पॉवरमुळे, म्हणजे माल आणि येणी बघून बँक प्रत्यक्ष किती उचलू देते ती मर्यादा, आपण सगळे डीपी म्हणतो ते.

माझं सोपं गणित बघा. गोडाऊनमध्ये माल ४० लाखांचा, त्यातून स्क्रॅपवाल्याचं आणि पिग आयर्नवाल्याचं देणं १५ लाख वजा, राहिले २५. गिऱ्हाइकांकडून येणं ९० लाख. एकूण ११५, त्यावर बँक २५ टक्के मार्जिन कापते म्हणजे डीपी ८६ लाख निघते. लिमिट ८० आहे त्यामुळे ८० पर्यंत उचलता येतात. मी ७८ उचललेले. इथपर्यंत सगळं छान.

पण माझ्या सँक्शन लेटरमध्ये लिहिलंय की ९० दिवसांपेक्षा जुनी येणी डीपीत धरायची नाहीत. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पंप बनवतं आणि त्यातले बरेच अमेरिकेला जातात. मी स्वतः आयुष्यात एक किलो माल परदेशी पाठवलेला नाही. ऑगस्ट २०२५ च्या २७ तारखेपासून तिकडचं आयात शुल्क वाढलं, त्यांचा माल अडकला, आणि पंचाहत्तर दिवसांत येणारं पेमेंट एकशेवीसवर गेलं. माझी ३५ लाखांची बिलं ९० दिवसांच्या पलीकडे गेली. आता गणित परत करा. माल २५, चालू येणी ५५, एकूण ८०, मार्जिन कापून डीपी ६० लाख. मी उचललेत ७८. म्हणजे स्टॉक स्टेटमेंट दिल्या दिवशी मी १८ लाखांनी वर गेलो आणि त्या दिवसापासून घड्याळ सुरू. सलग ९० दिवस डीपीच्या वर राहिलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की धक्का बसला की ज्या दिवशी पैशाची सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्याच दिवशी लिमिट आपोआप आकसते. कोणी ठरवून केलेलं नाही, कोणाचा वाईट हेतू नाही, कागदावर प्रत्येक नियम बरोबर आहे, पण ते सगळे एकाच दिवशी एकाच माणसाच्या डोक्यावर येतात. आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्या गिऱ्हाइकाच्या पाठीमागे असलं कुठलंच घड्याळ नाही.

२०१६ ला पण हेच पाहिलंय. नोटाबंदी झाली तेव्हा चालू खात्यातून आठवड्याला ५० हजार काढता यायचे, आमचा आठवड्याचा पगार ६६ हजार. वडील दर आठवड्याला वर्कशॉपच्या ऑफिसात बसून कोणाला निम्मे द्यायचे, कोणाला पुढच्या वेळी, याची वहीत यादी करायचे. ती वही अजून आहे. काही कामगारांची खाती जिल्हा बँकेत आणि जिल्हा बँकांना १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घ्यायलाच बंदी, म्हणजे त्या माणसांनी ५००ची नोट घेऊन जायचं कुठे. रिझर्व्ह बँकेने तेव्हा एक कोटीपर्यंतच्या कर्जांना एनपीए धरायला आधी ६० आणि नंतर अजून ३० दिवस जास्त दिले होते, ते बरं केलं, त्याच्यामुळे आमचं खातं वाचलं हे मी कबूल करतो.

तुमचे अनुभव लिहा. बँकेतले कोणी असतील तर त्यांनी जरूर लिहा, मला दुसरी बाजू खरंच समजून घ्यायची आहे.


सूतवाला (इचलकरंजी) :

दादा अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या यंत्रमागवाल्यांचं पण हेच, फक्त तुमचं लोखंड आणि आमचं सूत. सुताचं पेमेंट आठ-दहा दिवसांत द्यावं लागतं नाहीतर पुढची गाठ मिळत नाही आणि कापडाचे पैसे तीन तीन महिने येत नाहीत. मधला सगळा भार सीसीवर.


पासबुक (पुणे) :

भट्टीवाले, तुम्ही बँकेतल्या माणसाला बोलावलंत म्हणून लिहितो. मी सरकारी बँकेतून ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो, त्यातली १६ वर्षं शाखाधिकारी, बरीचशी औद्योगिक वसाहतींच्या शाखांमध्ये.

पहिली गोष्ट, हे ९० दिवस कुठून आले. पूर्वी १८० दिवस होते, मार्च २००४ पासून ९० झाले कारण जगभर तसं होतं. पण नियम कागदावर असणं आणि पाळला जाणं यात फार अंतर होतं हो. मोठं खातं थकायला आलं की त्याच गटाच्या दुसऱ्या कंपनीला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं नियमित दाखवायचं. सगळ्यांना माहीत होतं. २०१५-१६ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांची वहीखाती उघडून तपासली, ॲसेट क्वालिटी रिव्ह्यू म्हणतात ते, आणि मग जे बाहेर पडलं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. मार्च २०१८ ला बँकांचं एकूण थकीत कर्ज ११ टक्क्यांच्या वर गेलं होतं. शंभरातले अकरा रुपये.

याचा तुमच्याशी संबंध असा. बँकेने शंभर रुपयांचं साधं धंद्याचं कर्ज दिलं तर तिला स्वतःचे किमान ९ रुपये भांडवल बाजूला असावं लागतं. कर्ज थकलं की तोट्यासाठी तरतूद करावी लागते, सुरुवातीलाच १५ टक्के, पुढे वाढत जाते, आणि ती तरतूद नफ्यातून आणि मग भांडवलातून जाते. म्हणजे एका पोलाद कारखान्याचं किंवा वीज प्रकल्पाचं हजार कोटींचं कर्ज बुडलं की बँकेकडची नवीन कर्ज द्यायची ताकदच संपते. मग रिझर्व्ह बँक तिला पीसीएखाली, म्हणजे कमकुवत बँकांवरच्या निर्बंधांखाली, टाकते. २०१८ च्या सुरुवातीला २१ पैकी ११ सरकारी बँका त्या यादीत होत्या, आपली बँक ऑफ महाराष्ट्र पण होती, जून २०१७ ते जानेवारी २०१९. देना बँकेला तर मे २०१८ मध्ये नवीन कर्ज द्यायलाच मनाई झाली होती.

त्या काळात मी शाखेत होतो. समोर माणूस बसलेला, वीस वर्षांचं खातं, एकही चेक परत गेलेला नाही, दहा लाख लिमिट वाढवून मागतोय आणि त्याच्याकडे ऑर्डर आहे. प्रपोजल वर पाठवलं की परत यायचं. कारण लिहिलेलं असायचं काहीतरी, खरं कारण हे की बँकेच्या अंगात ताकद नव्हती. मोठ्यांनी बुडवलं आणि छोट्यांना नकार ऐकावा लागला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण म्हणून नियम सैल करा असं मी म्हणणार नाही. त्या तपासणीनंतरच बँका सुधारल्या, मार्च २०२५ ला तेच थकीत प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत आलंय.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं, १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकानंतर हिशोब रोजच्या रोज होतो, दिवस संपताना सिस्टीम स्वतः खातं बदलते. पूर्वी महिनाअखेर बघून थोडं इकडे तिकडे चालायचं. आता ९० झाले की झाले, आणि एकदा एनपीए झालं की थोडे पैसे भरून बाहेर येता येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. त्यामुळे साहेब जे म्हणाले ना, माझ्या हातात काही नाही, ते खरं आहे. फोन आला म्हणजे चांगला माणूस आहे. उद्याच्या उद्या जाऊन बसा त्यांच्यासमोर, लेखी द्या, कुठलं बिल कधी येणार ते तारखेसकट द्या.


भट्टीवाला (कोल्हापूर) :

काका मनापासून आभार. पोलाद कारखाना बुडाला म्हणून माझ्या बापाची लिमिट वाढली नाही हे इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. वडील आयुष्यभर समजत राहिले की आपल्याच कागदात काहीतरी कमी होतं. २०१७ ला त्यांनी व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, घ्यायचं ठरवलं होतं, ते राहिलंच.


अनघा_ठाणे :

मी धंदेवाली नाही, ठेवीदार आहे. म्हणजे ठेवीदाराची मुलगी. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझे बाबा गावी एका लहान सहकारी बँकेचे तीस वर्षांचे खातेदार. बँकेचं नाव लिहीत नाही. निवृत्तीचे पैसे तिथेच, कारण अर्धा टक्का जास्त व्याज आणि संचालक ओळखीचे. एक दिवस सकाळी शटर अर्धं खाली आणि दारावर कागद चिकटवलेला, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, सहा महिन्यांत अमुक इतकेच काढता येतील. बाबा तो कागद तीनदा वाचून घरी आले आणि आईला काही बोललेच नाहीत, दोन दिवसांनी शेजाऱ्यांकडून कळलं.

पण मला सांगायचंय ते शेजारच्या मेडिकलवाल्या काकांचं. त्यांचं चालू खातं पण तिथेच. दिवसाचा गल्ला संध्याकाळी तिथे भरायचे. एका रात्रीत खातं गोठलं, होलसेलरला दिलेले चेक परत, औषधं मिळेनात, उधारीवर कोणी देईना कारण बातमी सगळीकडे. त्यांनी एक रुपया कर्ज घेतलेलं नव्हतं. तरी दुकान चार महिने अर्ध्या फळ्यांवर चाललं, मुलीच्या लग्नाचे पैसे मोडून परत उभं केलं.

पीएमसी बँकेचं तर सगळ्यांना माहीतच आहे, सप्टेंबर २०१९, पहिल्या दिवशी एक हजार रुपये काढायची मर्यादा. सत्तर टक्क्यांवर कर्ज एकाच बांधकाम समूहाला आणि ते लपवायला हजारो खोटी खाती. कोणीतरी वेळेवर नीट बघितलं असतं तर? त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला आणि २०२१ मध्ये कायदा बदलून निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे ठरलं. बाबांना त्याच कायद्यामुळे पाच लाख मिळाले. त्याच्या वरचे अजून अडकलेत.

भट्टीवाले दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण तुम्ही उचललेले ७८ लाख कोणाचे तरी बाबा तिथे ठेवून गेलेत हे पण खरं आहे. मला तुमच्यावर राग नाही, फक्त ते आठवलं.


भट्टीवाला (कोल्हापूर) :

ताई, तुमचं वाचून दुपारभर काम सुचलं नाही. बरोबर आहे तुमचं. ९० दिवस काढून टाका असं मला म्हणायचंच नाहीये. मला म्हणायचंय की ते घड्याळ साखळीतल्या शेवटच्या माणसाच्याच गळ्यात का. मोठ्या गिऱ्हाइकाने माझे ३५ लाख वापरले, बिनव्याजी, चार महिने. त्यांच्या बँकेत त्यांचं खातं एकदम स्टँडर्ड आहे, रेटिंग चांगलं, व्याज माझ्यापेक्षा कमी. त्यांनी माझे थकवलेले पैसे कुठल्याच बँकेच्या स्क्रीनवर लाल दिसत नाहीत, आणि माझ्या खात्यावर ते लाल दिसतात.


टॉवेलवाला (सोलापूर) :

आम्ही तर थेट अमेरिकेलाच माल पाठवतो, टेरी टॉवेल. २७ ऑगस्टला ५० टक्के शुल्क लागलं तेव्हा आमचे दोन कंटेनर वाटेत समुद्रात होते. घेणाऱ्याने सांगितलं निम्मं शुल्क तुम्ही सोसा नाहीतर माल उचलत नाही. आमचा नफाच मुळात सात-आठ टक्के, सोसणार कुठून. तिसरी शिफ्ट बंद केली, दिवाळीच्या तोंडावर. आमच्याकडे शिवण-पॅकिंगला बहुतेक बायका आहेत, त्यांना सांगताना माझ्या बायकोने सांगितलं, मला जमलं नाही.

रिझर्व्ह बँकेने १४ नोव्हेंबर २०२५ ला सवलत काढली ती आम्हाला लागू होती. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरपर्यंतचे हप्ते आणि व्याज पुढे ढकलता येत होतं, आणि त्यातली चांगली गोष्ट म्हणजे त्या काळाचं व्याज सरळव्याज, व्याजावर व्याज नाही. निर्यातीचे पैसे आणायची मुदत पण ९ महिन्यांवरून १५ महिने केली. पण तुमच्यासारखे जे निर्यातदाराला माल पुरवतात त्यांचं काय याचा विचार कुठे दिसला नाही. धक्का बंदरावर बसतो आणि तिथून मागे मागे सरकत येतो, सवलत मात्र बंदरावरच थांबते. दुसरं असं की सवलत द्यायची की नाही हे बँकेने ठरवायचं. आमच्या एका बँकेने पंधरा दिवसांत दिली, दुसरीने अजून फाईल वर पाठवली आहे म्हणतात.


पासबुक (पुणे) :

सरळव्याजाचा मुद्दा चांगला काढलात. ते कोविडच्या वेळच्या अनुभवातून आलंय. मार्च २०२० मध्ये तीन महिने आणि मग वाढवून ऑगस्टपर्यंत असे सहा महिने हप्ते थांबवले, पण व्याजावर व्याज चढत होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आधी सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना तो फरक परत दिला आणि मग २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने सगळ्यांनाच त्या काळाचं व्याजावरचं व्याज माफ करायला लावलं. नियम असेच बनतात, एका धक्क्यात कोणीतरी पोळतो आणि पुढच्या वेळच्या परिपत्रकात एक ओळ वाढते.


एडिसनकर (न्यू जर्सी) :

इथून थोडं वेगळं सांगतो, उपयोग होतोय का बघा. माझं इथे छोटं किराणा दुकान आहे, आठ माणसं. मार्च २०२० मध्ये इथे पीपीपी म्हणून योजना आली. महिन्याच्या पगाराच्या अडीचपट कर्ज, एक टक्का व्याज, आणि ते पैसे ठरलेल्या प्रमाणात पगारावर खर्च केले, नंतर ते किमान ६० टक्के झालं, आणि माणसं कमी केली नाहीत तर कर्ज माफ. सरळ माफ. मी कागद लावले आणि वर्षभराने पत्र आलं की तुमचं येणं शून्य. एकूण जवळपास ८०० अब्ज डॉलर वाटले म्हणे.

त्यात लबाडी खूप झाली, ते इथे अजून कोर्टात चालू आहे. आणि पहिला हप्ता दोन आठवड्यांत संपला, ज्यांची बँकेत आधीपासून ओळख त्यांना आधी मिळाला. मला माझ्या मोठ्या बँकेने विचारलं पण नाही, शेवटी एका छोट्या गावच्या बँकेने दिलं. तरी माझी आठही माणसं टिकली.

दुसरं म्हणजे नियम सैल झाले की काय होतं ते इथेही पाहिलं. २०१८ मध्ये कायदा बदलून कडक देखरेखीची मर्यादा ५० अब्ज डॉलरच्या बँकांवरून २५० अब्जांवर नेली. सिलिकॉन व्हॅली बँक २०० अब्जांच्या थोडी वर, म्हणजे त्या मर्यादेच्या खाली. १० मार्च २०२३, शुक्रवारी बंद पडली. माझ्या भाच्याच्या कंपनीचा पगाराचा पैसा तिथे होता, पोरगं दोन रात्री झोपलं नाही. रविवारी संध्याकाळी सरकारने सगळ्या ठेवी सुरक्षित असं जाहीर केलं तेव्हा रडला.


भट्टीवाला (कोल्हापूर) :

एडिसनकर, तुमचं ते "येणं शून्य" वाचून मी मोबाईल बायकोला दाखवला.

आम्हाला कोविडमध्ये मिळालं ते ईसीएलजीएस, म्हणजे तातडीच्या कर्जाची सरकारी योजना. २९ फेब्रुवारी २०२० ला जे येणं होतं त्याच्या २० टक्के नवीन कर्ज, सरकारची पूर्ण हमी, तारण नको, बँकेला सव्वानऊ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नव्हतं, एक वर्ष मुद्दल नाही आणि मग तीन वर्षं हप्ते. आमचे ६२ लाख होते, १२ लाख ४० हजार मिळाले, आठवड्यात मिळाले, कुठे चकरा नाहीत. त्या पैशाने आम्ही लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना निम्मा पगार दिला आणि वीजबिल भरलं. वाईट बोलणार नाही त्या योजनेला, ती नसती तर कारखान्याला कुलूप लागलं असतं.

पण शेवटी ते कर्जच. दोन महिने भट्टी बंद होती, त्या दोन महिन्यांत काहीच बनलं नाही, आणि त्या न बनलेल्या मालाचे हप्ते मी २०२४ पर्यंत फेडत होतो. आणि हप्ते सुरू झाले तेव्हाच पिग आयर्न आणि स्क्रॅप कडाडलं, मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चढायला लागला, ४ चा साडेसहा झाला नऊ महिन्यांत. छोट्या उद्योगांची फ्लोटिंग कर्जं २०१९ च्या ऑक्टोबरपासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली, त्यामुळे चढ लगेच पोचतो. उतार पण पोचतो म्हणा, २०२५ मध्ये रेपो उतरला तसं माझं व्याज उतरलं.


सीए_सांगली :

धागा फार चांगला चाललाय. मी रोज याच फायली बघते म्हणून थोडं कामाचं लिहिते.

भट्टीवाले, तुमच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घड्याळ अगदीच नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पण माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये चालू गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करणारा उद्योजक मी एकच पाहिला, आणि तो धंदा बंद करत होता. ऑर्डर जाण्याची भीती, दुसरं काही नाही.

मग आयकरात ४३बी(एच) कलम आलं. मायक्रो आणि स्मॉल उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मार्च २०२४ मध्ये माझ्या ऑफिसात फोन थांबत नव्हते, वर्षानुवर्षं अडकलेली बिलं त्या महिन्यात सुटली. पण त्याच महिन्यात माझ्या एका क्लायंटला त्याच्या गिऱ्हाइकाने सांगितलं की तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी, रद्द करा नाहीतर आम्ही दुसरीकडून घेतो. आणि घड्याळ फक्त मार्चला वाजतं, तुमची बिलं सप्टेंबरची.

तिसरं ट्रेड्स, म्हणजे बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवायचं ऑनलाइन व्यासपीठ. तुम्ही बिल टाकायचं, गिऱ्हाइकाने ऑनलाइन मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे एक-दोन दिवसांत. मुख्य म्हणजे पुढे गिऱ्हाइकाने थकवलं तरी बँक तुमच्या मागे येत नाही आणि व्याजाचा दर गिऱ्हाइकाच्या पतीवर लागतो, तुमच्या नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी सक्तीची, बिल मान्य करणं सक्तीचं नाही. तिथे सगळं अडतं. तरी विचारा. खरेदी विभागाला विचारू नका, फायनान्सवाल्यांना विचारा, आणि नवीन बिलांसाठी विचारा, जुनी आता होणार नाहीत. जुन्यांसाठी स्वतः जाऊन बसा.


सूतवाला (इचलकरंजी) :

ताई हे ट्रेड्स आमच्या व्यापाऱ्यांना लागू होतं का? म्हणजे आम्ही विकतो ते कंपनीला नाही, पेढीला.


सीए_सांगली :

पेढी जर तिथे खरेदीदार म्हणून नोंदलेली नसेल तर नाही. तुमच्या लाइनमध्ये हीच अडचण आहे, साखळीत मोठं नाव कुठेतरी आहे पण तुमच्या बिलावर नाही.


भट्टीवाला (कोल्हापूर) :

उशिरा लिहितोय, पण काय झालं ते सांगतो, काका आणि सीए ताई दोघांनी सांगितलं तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो, साहेबांना बिलांची यादी तारखेसकट दिली. त्यांनी तासभर दिला. म्हणाले तुम्ही आलात हेच बरं, बरेच जण फोन उचलायचं बंद करतात. मग गिऱ्हाइकाकडे गेलो. खरेदीवाल्यांनी चहा पाजला आणि बघतो म्हणाले. मी तिथून उठून फायनान्सच्या दारात जाऊन बसलो, सकाळी दहा ते दुपारी चार. चारला त्यांची मुख्य मॅडम बाहेर आली, मी तिला बँकेचं पत्र दाखवलं, ६३ दिवस आणि खाली शिक्का. ती वाचून म्हणाली आमच्यामुळे हे होतंय हे मला माहीत नव्हतं. मला वाटतं खरंच माहीत नसणार. सगळ्यात जुनी दोन बिलं त्या आठवड्यात सोडली, १२ लाख २० हजार. ट्रेड्सवर ते नोंदलेले आहेत, जानेवारीपासूनची बिलं मान्य करू म्हणाल्यात, लेखी अजून आलेलं नाही.

राहिले पावणेसहा-सहा लाख. वडिलांनी घेतलेल्या पहिल्या दोन लेथपैकी एक विकली, ३ लाख ४० हजार आले. ट्रकमध्ये चढवताना वडील बाहेर आले नाहीत. आईच्या पाटल्या ठेवून अडीच लाख उचलले, ती स्वतःच घेऊन आली, मी मागितल्या नव्हत्या. महिन्याचं व्याज चालू बिलांतून गेलं.

आज ८३ वा दिवस. दुपारी साहेबांचा मेसेज आला, खातं डीपीच्या आत आलंय, १० हजारांनी. उरलेली २२ लाख ८० हजारांची बिलं अजून तिकडेच आहेत. पुढचं स्टॉक स्टेटमेंट १० तारखेला.